उन्हाची बाजू

आज वर्तुळात फट नव्हती.

त्याने पुन्हा पाहिलं. डावा हात खिडकीच्या गजावर, उजवा कपाटाच्या कोपऱ्यावर आणि चांगल्या पायावर सगळा भार, असा तो घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला उभा राहायचा, तसाच आजही उभा होता. खाली त्याच्या कॉलेजचा फुटबॉलचा संघ शिट्टीच्या आधी वर्तुळ करून उभा होता. एकमेकांच्या खांद्यांवर हात, माना आत झुकलेल्या. गोलरक्षक लंबू आणि कप्तान यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी असायची. ती त्याची जागा. त्याचा गुडघा गेल्यापासून ती तशीच ठेवलेली होती. त्या बाजूचे दोघांचे हात नुसते लोंबत राहायचे, दार उघडं ठेवल्यासारखे. आज लंबूचा लांबलचक हात कप्तानाच्या खांद्यावर होता. ऊन डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे भास झाला असेल, म्हणून तो गजाला धरून थोडा सरकला. पण त्या कोनातूनही फट दिसेना. त्याच्या जागी कुणाला उभंही केलं नव्हतं. त्याच्याऐवजी संघात आलेला नवा मुलगा रोजच्यासारखा दोन बचावपटूंच्या मध्येच होता. सगळे फक्त अर्धं पाऊल आत सरकले होते. वर्तुळ लहान झालं होतं, एवढंच. मग ते सुटलं, पोरं पांगली, आणि कप्तानाने मान वर करून सरळ तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि कुणी टपली मारावी तशी मान खाली घातली. शिट्टी झाली. खोलीत त्याचे दोन्ही हात अजून पसरलेलेच होते.

ते त्याने हळूहळू खाली घेतले. खेळ सुरू झाला होता, पण त्याला फक्त हिरवळ दिसत होती आणि तिच्यावर हलणारे पाय. फट ठेवण्याची रीत त्यांच्या संघात कुणी सुरू केली हे कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या कप्तानाने पुढच्याला सांगितली, त्याने त्याच्या पुढच्याला. जो जायबंदी आहे पण परत येणार आहे, त्याची जागा उघडी ठेवायची. कितीही दिवस लागोत. आणि येणार नसेल तर मिटवायची. त्यात दयामाया नाही, खोटेपणा तर मुळीच नाही. हरलेल्या सामन्यानंतर ‘छान खेळलो’ म्हणता येतं, मास्तरांना ‘ताप आला होता’ म्हणता येतं, पण वर्तुळात खोटं उभं राहता येत नाही. तो स्वतः पहिल्या वर्षाला असताना एकदा फट मिटवली होती. ‘पाटी’ नावाचा त्यांचा एक पुढच्या फळीतला खेळाडू होता, पाठ पाटीसारखी सपाट म्हणून पाटी. त्याचा खांदा निखळला, तो घरी गेला, आणि बरेच दिवस त्याची जागा मोकळी राहिली. मग एका दुपारी तेव्हाचा कप्तान म्हणाला, “मिटवा.” बाकी काही नाही. सगळ्यांनी अर्धं पाऊल आत टाकलं. त्यानेही टाकलं होतं. त्याला आता ते पाऊल आठवत होतं, त्या पावलाखालची ओली माती आठवत होती, आणि शेजाऱ्याच्या बरगड्या अचानक जवळ आल्यावर कसं बरं वाटलं होतं तेही. ऊब वाटली होती. पाटीचा विचार मनात आलाच नव्हता. थंडीत पांघरूण जरा ओढून घ्यावं, तसं झालं होतं ते. आज खाली सगळ्यांना तसंच वाटलं असेल, त्यात त्यांचा काय दोष, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण पाटी तेव्हा कुठे होता? तो कुठल्या खिडकीत उभा होता, हे कुणी विचारलं होतं?

मागे आत्या मटार सोलत होती. ती कायम खिडकीकडे पाठ करून बसायची. उभा जन्म तिने बालवर्ग शिकवण्यात घालवला होता, आणि निवृत्त झाल्यावर मैदानाशेजारची ही दोन खोल्यांची जागा घेतली ती गलबल्याची सवय सुटेना म्हणून, असं तिचं म्हणणं. फुटबॉलचं मात्र तिला वावडं. “इतकी पोरं एका चेंडूमागे धावतात आणि त्यांना शिकवायला मास्तर लागतो? माझ्या वर्गात चेंडू नसतानाही धावायची.” पायाच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला वसतिगृहाचे जिने झेपणार नव्हते, इथे मात्र एकदा वर आलं की खाली उतरायचं कामच नव्हतं, म्हणून बाबांनी त्याला आपल्या या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. खिडकीतून मैदान दिसतं हे कळल्यावर तो हरखला होता. प्रत्यक्षात अर्धंच दिसायचं. ग्रंथालयाची नवी इमारत अशी काही तिरकी येऊन उभी राहिली होती की मधल्या रेषेपलीकडचं सगळं तिच्यामागे. एक गोल दिसायचा, दुसरा फक्त ऐकू यायचा. तिकडे आरडाओरडा उठला की तो कान टवकारायचा. आपल्या पोरांचा आवाज आधी वर चढला तर गोल झाला; आधी पंचाची शिट्टी आणि मग गलका, तर नाही. अख्खा हंगाम त्याने असा अर्धा डोळ्यांनी आणि अर्धा कानांनी खेळला होता. पलीकडच्या अर्ध्यात काय घडलं असेल ते तो मनात रचायचा: कुणाचा पास, कुणाचं डोकं, जाळं कसं फुगलं. मनातल्या त्या अर्ध्या मैदानावर तो स्वतःही खेळायचा. तिथे त्याला बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे तिथे त्याचा पाय कधी दुखला नाही.

त्याचं संघातलं नाव कर्कटक. ते कप्तानाने ठेवलेलं. डावा पाय रोवून तो नुसता गर्रकन फिरायचा आणि उजव्या पायाने चेंडू पाहिजे त्याच्या पायात नेऊन ठेवायचा. सगळा संघ त्याच्याभोवती फिरतो असं मास्तर म्हणायचे, तेव्हा त्याला भूमितीच्या पेटीतलं ते दोन पायांचं यंत्र आठवून हसू यायचं. आत्याला हे नाव फार आवडलं होतं. “बरोबर आहे. टोचतोस तर खराच.” आणि त्याच रोवलेल्या पायाने दगा दिला. सामन्यातही नाही, साध्या सरावात. कुणाचा धक्का नाही, कुणाशी टक्कर नाही. पाय मातीत राहिला आणि अंग फिरलं. लाकडी पट्टी बाकाच्या कडेवर मोडावी तसा आवाज झाला. त्या आवाजाने तो इतका चकित झाला होता की कुणाची पट्टी मोडली म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि मग आपण खाली बसलेलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. लंबू गोल सोडून धावत आला होता. सरावातसुद्धा गोल न सोडणारा लंबू.

सुरुवातीला सगळे यायचे. दाराबाहेर बुटांचा ढीग, खोलीत घामाचा आणि संत्र्यांचा वास. लंबूचं डोकं दिव्याला आपटायचं आणि आत्या म्हणायची, “उंच मुलांनी मागच्या बाकावर.” लंबू निमूटपणे दाराजवळ जमिनीवर बसायचा, गुडघे कानांपर्यंत येतील असा. कुणी त्याच्या प्लास्टरवर काही खरडायचं, कुणी मास्तरांची नक्कल करायचं. मग परीक्षा आल्या, बाहेरगावचे सामने आले. दाराबाहेरचे बूट कमी होत गेले. कुणाचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. लोक येणं थांबवत नाहीत, फक्त मधले दिवस वाढतात. नंतर एकटा कप्तान यायचा. त्याला त्याने एकदा चांगलं झापलं होतं. “अरे, उन्हाची बाजू का घेतोस दर वेळी? पहिल्या अर्ध्यात लंबूच्या डोळ्यांत सरळ ऊन जातं. दुसऱ्या अर्ध्यात ऊन पाण्याच्या टाकीमागे जातं, तेव्हा घे की ही बाजू. मी तिथे नाही तर एवढंही सुचत नाही तुम्हांला?” कप्तानाने डोकं खाजवलं होतं. “नाणेफेक हरतो ना मी.” “सगळ्याच?” “नशीबच फुटकं. तू असताना तूच ‘छापा’ ओरडायचास, तेव्हा जिंकायचो.” त्यावर दोघंही हसले होते. आपल्यावाचून यांचं अडतं या विचाराने त्याला त्या दिवशी दोन घास जास्त गेले होते. मग तो दर सामन्याला पाहायचा, पुन्हा तीच बाजू, पुन्हा टोपी डोळ्यांवर ओढून उभा असलेला लंबू. मान हलवायचा, आणि लगेच त्याला फट दिसायची, आणि तो हात पसरायचा. गज थंड असायचा, कपाटाचा कोपरा टोचायचा. गज म्हणजे लंबू, कपाट म्हणजे कप्तान. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याची पाठ होती, आणि बाहेरून, एवढ्या लखलखीत उन्हातून, खिडकी म्हणजे नुसतं काळं भोक दिसत असणार, हे त्याने पहिल्याच सामन्याला ठरवून टाकलं होतं.

खाली गलका झाला. प्रतिस्पर्ध्यांचा एक उंच चेंडू उन्हातून आला. लंबूने कपाळावर आडवा हात धरला, एक क्षण उशिरा तो हात काढला, आणि चेंडू त्याच्या बोटांना चाटून आत गेला. लंबू जाळ्यातून चेंडू काढायला वाकला. त्याला वाकताना फार वेळ लागायचा. या हंगामात असे किती गोल बसले होते. आज शेवटचा सामना, हरले तर गटात तळाला. पण त्याच्या डोळ्यांपुढे मागच्या खेपेला भेटायला आलेला कप्तान उभा राहिला होता. त्या दिवशी तो दारातच बराच वेळ आत्याशी बोलत होता. पलंगावरून शब्द कळत नव्हते, नुसती कुजबुज. आणि त्याने का कोण जाणे, डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. मग कप्तान आत आला. बोलला सगळं. उपाहारगृहाचा मालक बदलला, एका सिनेमात शेवटी कोण मरतं, त्याच्या बहिणीचं मांजर व्यायलं. फुटबॉलचं एक अक्षर नाही. बोलता बोलता त्याने एक संत्रं सोललं, एकेक फोड मोकळी केली, तिच्यावरचे पांढरे धागे काढले आणि त्याच्या हातात ठेवली. हा तोच कप्तान, जो संत्रं सालीसकट चावून थुंकत सुटायचा. ते संत्रं त्याने खाल्लं होतं. गोडही लागलं होतं. आणि त्याच संध्याकाळपासून आत्याने व्यायामाच्या वेळी ‘शाबास’ म्हणणं सोडलं होतं. म्हणजे व्यायाम करून घ्यायची, पाय धरायची, वाकवायची, पण एखाद्या मुलाला चुकीच्या उत्तराला ‘शाबास’ म्हणायचं नाही तसं तोंड मिटून.

“आत्या.”

“हं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

मटाराची शेंग फुटल्याचा आवाज झाला. दाणे भांड्यात पडले. “कधी?”

“कधी काय, आत्या.”

ती वळली नाही. हातातली शेंग मात्र तिने तशीच ठेवली. “चालशील म्हणाले. कुबड्या सुटतील. जिने चढशील, सायकल चालवशील.”

“आणि?”

“आणि वळून धावायचं नाही.”

“सध्या?”

“बाळा, सध्या म्हणाले असते तर मी तुला त्याच दिवशी सांगितलं असतं.”

वळून धावायचं नाही. वाक्य अगदी साधं होतं, बालवर्गाच्या भिंतीवर लावतात तसलं. जिन्यात ढकलायचं नाही. नखं खायची नाहीत. त्याने ते मनात एकदा वाचलं, आणि त्याचा अर्थ गुडघ्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला.

“तू म्हणायचीस मुलांशी कधी खोटं बोलायचं नाही. सुई दुखणार नाही असं सांगितलं की ते मूल पुन्हा हात देत नाही.”

“खोटं नाही बोलले मी.”

“मला नाही सांगितलंस, पण त्याला सांगितलंस.”

“त्याने विचारलं.” आता ती वळली. चष्मा नाकावर घसरला होता, मांडीवर सालांचा ढीग. “दारात उभं राहून सरळ विचारलं त्याने, तो परत खेळणार का म्हणून. विचारणाऱ्याला मी उत्तर देते. तू विचारलंस कधी? डॉक्टरांच्या टेबलावर तो प्लास्टिकचा गुडघा होता, तो कसा उघडतो ते विचारलंस. कुबड्या कशाच्या बनवतात ते विचारलंस. मी रोज वाट पाहत होते. तीस-तीस मुलांना हात वर करायला शिकवलं रे मी, आणि घरातल्याला...” तिने चष्मा वर सारला. “माझंच चुकलं म्हण. पण सांगायला बसले की तू त्या खिडकीत जाऊन उभा राहायचास. मग मी पाठ करायचे.”

खरं होतं. त्याने विचारलं नव्हतं. प्रत्येक प्रश्न त्याने त्या एका प्रश्नाला वळसा घालून विचारला होता. बाबांचा फोन यायचा, ‘कसा आहेस’ म्हणायचे, तो ‘सूज उतरली’ म्हणायचा, आणि दोघंही घाईने अभ्यासावर यायचे. म्हणजे बाबांनाही माहीत होतं. आई फोनवर आली की सर्दी झाल्यासारखी बोलायची, त्या सर्दीचाही अर्थ आता लागला. सगळ्यांना माहीत होतं. सगळे आपापल्या जागेवरून अर्धं पाऊल सरकले होते, आणि तो एकटाच हात पसरून उभा होता. खोली अचानक फार मोठी वाटू लागली. पलंग, कपाट, पाण्याचा तांब्या, भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, सगळं एकमेकांपासून लांब लांब. खाली मध्यंतराची शिट्टी झाली.

“मी खाली जातो,” तो म्हणाला.

आत्याने ‘आज नको’ म्हटलं नाही. ती मांडीवरची सालं सावरत उठली आणि तिने कुबड्या आणून दिल्या. “येऊ का?”

“नको.”

“कुठला पाय आधी?”

“आत्या, मी काय लहान आहे?”

“कुठला?”

“उतरताना रुसका आधी,” तो म्हणाला. शहाणा आणि रुसका ही त्याच्या पायांची नावं तिने पहिल्या दिवशीच ठेवली होती. “कुबड्या, मग रुसका, मग शहाणा.”

“आणि चढताना?”

“शहाणा आधी.”

“जा.”

जिन्यात गार होतं आणि कुणाच्या तरी घरातल्या रेडिओचा आवाज येत होता. कुबड्या, रुसका, शहाणा. एकेक पायरी त्याच्याशी ओळख करून घेत असल्यासारखी येत होती. रुग्णालयातून आणलं तेव्हा दोघांनी खुर्चीत उचलून आणलं होतं, डॉक्टरकडे नेतानाही तसंच. हा जिना त्याच्या पायांना नवीनच होता. वळणावर तो थांबला. इथे भिंतीला खिडकी नव्हती, वरचं कुणी दिसत नव्हतं, खालचं कुणी नाही. इथे रडून घ्यावं असं त्याला वाटलं, जागा सोयीची होती. पण दोन्ही हात कुबड्यांवर होते आणि डोळे पुसायला हात लागतो. एवढ्या क्षुल्लक अडचणीने रडू अडलं याचं त्याला हसू आलं, आणि तो पुढची पायरी उतरला.

मैदानाच्या या टोकाला, गोलच्या मागे, संघ गवतावर बसला होता. आधी नव्या मुलाने त्याला पाहिलं. नवा ताडकन उभा राहिला, शिक्षक वर्गात आल्यासारखा, आणि त्याने हातातली पाण्याची बाटली पुढे केली. मग एकेक जण उठला. त्यांचे घामेजलेले चेहरे त्याला वरून कधी दिसले नव्हते; वरून फक्त डोकी दिसायची, केसांचे भोवरे. कुणी “कर्कटक!” म्हणालं, पण ते नेहमीच्या आरोळीसारखं निघालं नाही. मास्तर दूर पंचाशी बोलत होते. कप्तान बुटाची नाडी बांधत होता. बांधून झालेली त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. मग तो आला.

“पाहिलंस.”

“पाहिलं.”

कप्तानाने गवतावर टाच घासली. “आज नाणेफेक खरंच हरलो रे.”

त्याला आधी कळलं नाही. “म्हणजे?”

“म्हणजे हरलो. पहिल्यांदाच. म्हटलं होतं, आज पलीकडची बाजू घ्यायची, तिकडे जाऊन... तिकडचं तुला दिसत नाही ना. पण त्यांच्या कप्तानाने जिंकली, आणि तो कशाला उन्हाची घेईल?” त्याने नाक ओढलं. “मग इथेच उभं राहावं लागलं. उघडी ठेवायची का, असं एकजण म्हणाला. लंबू म्हणाला, वर्तुळात खोटं नाही. मीही म्हटलं, नाही.”

“पहिल्यांदाच हरलास?”

“हो.”

“मग आजवर?”

“आजवर काय. जिंकायचो.” तो ओशाळून हसला. “पंच विचारायचा, कुठली बाजू? मी म्हणायचो, ही. समोरचे कप्तान माझ्याकडे वेड लागल्यासारखे पाहायचे. एकाने तर हातच मिळवला, आभार म्हणाला.”

अख्खा हंगाम त्याच्यापुढून सरकला: डोळ्यांवर टोपी ओढलेला लंबू, कपाळावरचा आडवा हात, जाळ्यात जाणारे ते चेंडू, गवतावर वाकताना लागणारा तो वेळ. आणि वर खिडकीत मान हलवणारा आपण. ‘एवढंही सुचत नाही तुम्हांला?’

“खिडकीसाठी?” त्याने विचारलं.

“तू उभा असायचास ना.”

“तुम्हांला काय माहीत?”

“काय माहीत म्हणजे? वर बघ की.”

त्याने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची ती खिडकी काळं भोक नव्हती. मावळतीकडचं ऊन सरळ तिच्यात शिरलं होतं, आणि खोली एखाद्या दुकानाच्या काचेसारखी उजळलेली होती. कपाटाचा कोपरासुद्धा दिसत होता. पाण्याच्या तांब्यावर उन्हाचा एक ठिपका चमकत होता. आणि त्या उजेडात, या बाजूला तोंड करून, गजाला धरून आत्या उभी होती. तिच्या चष्म्याच्या दोन काचा इथून स्पष्ट दिसत होत्या.

“हात पसरून उभा राहायचास,” कप्तान म्हणाला. “एका पायावर. लंबूचं अर्धं लक्ष तुझ्याकडेच. म्हणायचा, पडेल हा एक दिवस. म्हणून लवकर उरकायचो आम्ही वर्तुळ.”

लंबू मागे येऊन उभा राहिला होता. टोपी हातात, केस चपटे झालेले. “पडला असतास तर आत्यांनी मला मागच्या बाकावरूनही उठवलं असतं,” तो म्हणाला. कुणी हसलं नाही, आणि मग थोडे हसले.

काहीतरी बोलायला हवं होतं. सगळे त्याच्याकडे पाहत होते, आणि त्याच्या लक्षात आलं की नकळत ते त्याच्याभोवती गोलच करून उभे आहेत. तो मधोमध. कर्कटकाचं टोक टेकवतात तिथे. सगळ्यांपासून सारखाच लांब, आणि कुणाचाच हात खांद्यावर नाही. ठेवायचा तर कुबड्यांच्या वरून ठेवावा लागला असता. “बरोबर केलंत,” तो म्हणाला. “मिटवली ते.” त्याला वाटलं होतं हे म्हणताना छातीत काहीतरी तुटेल. पण पट्टी मोडल्याचा आवाज आला नाही. नुसती एक जागा झाली, मोकळी, आणि तिच्यात वारा फिरू लागला. “आणि पुढच्या हंगामात नाणेफेक जिंकलास तर पलीकडची बाजू घे, गाढवा.”

“घेतो,” कप्तान म्हणाला. त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, ठेवून काढला. पंचाने शिट्टी वाजवली आणि सगळे पळाले. नवा दोन पावलं जाऊन परत आला, बाटली घ्यायची राहिली म्हणून. पण बाटली न घेताच पुन्हा पळाला.

लंबू मात्र चालत निघाला. दुसऱ्या अर्ध्यात त्याचा गोल पलीकडच्या टोकाला. “चल,” तो वळून म्हणाला. “माझ्या मागे उभा राहा. तिकडे एकटाच असतो मी.”

तो बाजूच्या रेषेबाहेरून निघाला. कुबड्या, रुसका, शहाणा. सपाट जमिनीवर त्या क्रमाची गरज नव्हती, पण लय तीच बसली होती. मधली रेषा आली. ती ओलांडताना तो जरासा थांबला. हंगामभर या रेषेपलीकडे त्याने एक अख्खं मैदान रचलं होतं, आणि तिथे तो अजून धावत असणार. पलीकडे गवत होतं. इकडच्यासारखंच, जागोजागी उडालेलं. गोलचं जाळं दोन ठिकाणी फाटलेलं आणि बुटांच्या नाड्यांनी बांधलेलं. मागे एक तुटका बाक. या जाळ्यात गेलेले सगळे चेंडू त्याच्या मनात किती जोरात गेले होते. त्याने वळून पाहिलं. ग्रंथालयाची भिंत मधे आली होती. इथून खिडकी दिसत नव्हती. आत्या आता कुठे पाहत असेल? अर्ध्याच मैदानाकडे. चेंडू भिंतीमागे गेला की कान टवकारून आधी काय येतं ते ऐकायचं, शिट्टी की आवाज, हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. वर गेल्यावर शिकवावं लागेल.

लंबू गोलमध्ये जाऊन उभा राहिला. ऊन टाकीमागे गेलं होतं. लंबूने टोपी त्याच्या कुबडीच्या मुठीवर अडकवली. “हिचं आता काम नाही,” म्हणाला, आणि पाठ करून पुढे सरकला, दोन्ही हात गुडघ्यांजवळ, तयार. टोपीची आतली कड घामाने ओली होती. खेळ लांब तिकडे, ओळखीच्या अर्ध्यात चालला होता. आवाज येत होते, माणसं लहान दिसत होती. इथे फक्त लंबूची पाठ. तो मधूनच काहीतरी ओरडत होता, आपल्या बचावपटूंना, त्याला नाही. उभं राहून त्याचा हात भरून आला, तेव्हा त्याने दोन्ही कुबड्या एका काखेत घेतल्या आणि मोकळा झालेला हात गोलच्या खांबावर ठेवला. दिवसभराच्या उन्हाने खांब अजून गरम होता. त्याने त्याला दुसरं नाव दिलं नाही. खांबावर हात ठेवून तो सामना पाहू लागला.